मनगटातली नळी खरंच लागते का? मेंदूच्या पेट स्कॅनवर रिसर्च करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मेंदूच्या पेट स्कॅनवर संशोधन करणारे सगळे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ, आणि अशा संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिट्यांचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी इंदूरची, रामबागेत राहते, बरीच वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणजे लोकांचं रक्त काढणं हे माझं रोजचंच काम. हे पत्र मी आधी खाजगीत लिहिलं होतं. ज्या संस्थेच्या अभ्यासात मी सहभागी झाले त्यांना मेल करून विचारलं, की पेट स्कॅन (शरीरात थोडं किरणोत्सारी द्रव्य देऊन मशीनने काढलेलं चित्र) चालू असताना मनगटाच्या धमनीत नळी घालून रक्त घेणं खरंच लागतं का. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं, की प्रोटोकॉल (अभ्यास कसा करायचा ह्याची ठरलेली पद्धत) मंजूर झालेला आहे, पुढच्या टप्प्यातही तोच राहील, धमनीतून रक्त घेण्याला पर्याय नाही. संस्था बाहेरगावची आहे, तिचं नाव इथे देत नाही, कारण प्रश्न त्या एकाच संस्थेचा नाही. पण "पर्याय नाही" हे वाक्य मला मान्य नाही आणि ते का मान्य नाही हे मला सगळ्यांसमोर सांगायचंय.

माझ्या आईला अल्झायमर होता. रामबागेतून राजवाड्याला डोळे मिटून जाऊन येईल अशी बाई, शेवटी शेवटी आपल्याच स्वयंपाकघरात उभी राहून विचारायची की हे कोणाचं घर आहे. तेव्हा तिचा मेंदूचा पेट स्कॅन झाला होता, साधा, हाताच्या शिरेत एक सुई, मग अंधाऱ्या खोलीत शांत पडून राहायचं आणि नंतर थोडा वेळ मशीनमध्ये. तिला काही त्रास झाला नाही. पुढे कळलं की अल्झायमरच्या पेशंटच्या मुलामुलींवर अभ्यास चालू आहे, निरोगी माणसं हवी आहेत, तर मी लगेच हो म्हटलं, माझ्या धाकट्या भावानेही नाव दिलं. आम्हाला दोघांनाही वाटलं की आईसाठी तर आता काही करता येणार नाही, निदान ह्याचा कोणाला तरी उपयोग होईल. आजही मला तसंच वाटतं. पेट स्कॅनच्या किंवा रिसर्चच्या विरोधात हे पत्र आहे असं कृपा करून कोणी समजू नका.

फॉर्ममध्ये लिहिलं होतं, "स्कॅनदरम्यान रक्ताचे नमुने घेतले जातील." एवढंच. ते रक्त कुठून घेणार, किती वेळ घेणार, नळी कशात बसवणार, काही नाही. प्रत्यक्षात तिथे गेल्यावर समजलं की नळी मनगटाच्या धमनीत बसणार आहे, जिथे आपण नाडी बघतो तिथे. आधी मूठ आवळायला लावून मनगटावर दोन्ही बाजूंनी दाब दिला, तळहात पांढरा पडला, एका बाजूचा दाब सोडल्यावर परत लाल झाला, म्हणजे ही धमनी बंद पडली तरी दुसरीवर हात जगेल ह्याची खात्री झाली (ही तपासणी कशासाठी असते ते मला माहीत होतं, दुसऱ्या कोणाला तिथे कोणी समजावून सांगितलं असतं का, माहीत नाही). मग मनगटाखाली गुंडाळलेला टॉवेल, हात मागे वाकवून चिकटपट्टीने फळीला बांधलेला, आणि सुई. धमनी शिरेसारखी वरच्यावर नसते, तिची भिंत जाड असते, आत स्नायू असतो, टोचलं की आकसते, आणि आसपास नसा असतात. लगेच सापडली नाही. सुई आत ठेवूनच शोधाशोध झाली. बधिर करायचं इंजेक्शन मी मागितलं तेव्हा दिलं, स्वतःहून कोणी विचारलं नव्हतं.

मग तासभर डोकं साच्यात, हात फळीवर, आणि एक पंप नळीतून माझं रक्त ओढतोय, मधूनमधून सिरिंज भरून बाजूच्या खोलीत सेंट्रिफ्यूजला (रक्त गरगर फिरवून वेगळं करायच्या मशीनला) चाललीय. नळी काढल्यावर बराच वेळ दाबून धरली, घट्ट पट्टी बांधली, तरी दुसऱ्या दिवशी मनगटापासून अर्ध्या हातापर्यंत काळंनिळं. अंगठ्यात मुंग्या येत राहिल्या, काही आठवडे पेशंटच्या दंडाला पट्टा बांधताना माझी पकड ढिली पडायची. आता हात ठीक आहे, हेही सांगते, आणि अशा नळीने कायमचं नुकसान फार क्वचित होतं हेही मला माहीत आहे. पण भावाने माझा हात बघितला आणि म्हणाला, "ताई, मी नाही जात." त्याला मी काय सांगणार होते?

आता मुद्द्यावर येते.

नळी कशासाठी लागते ते आधी जे लोक वाचतायत त्यांच्यासाठी सांगते, तुम्हाला ते माहीतच आहे. एफडीजी म्हणजे साखरेसारखंच एक द्रव्य, त्याला किरणोत्सारी फ्लोरीन-18 जोडलेला असतो, त्याचा अर्धायुष्यकाळ साधारण 110 मिनिटं. ते शिरेतून देतात, मेंदूच्या पेशी त्याला साखर समजून आत घेतात आणि ते आतच अडकतं. 1976 साली फिलाडेल्फियात पहिल्यांदा माणसाला एफडीजी देऊन मेंदूचं चित्र काढलं. कुठला भाग कमी साखर खातोय हे नुसतं बघायचं असेल तर चित्र पुरतं, आईच्या वेळी तेवढंच हवं होतं. पण संशोधनात आकडा हवा असतो, मिनिटाला नेमकी किती साखर वापरली गेली. टाकीत शेवटी किती पाणी साठलं ह्यावरून आत पाणी कसं येत होतं ते कळत नाही, येणारा नळही मोजावा लागतो, तसंच मेंदूपर्यंत क्षणाक्षणाला किती ट्रेसर (म्हणजे एफडीजीसारखं माग काढता येणारं द्रव्य) पोचला हे माहीत असावं लागतं. मेंदूला रक्त जातं धमनीतून, म्हणून मोजायचं धमनीत. हाताच्या शिरेतलं रक्त हाताला ट्रेसर देऊन परत निघालेलं असतं, त्यामुळे सुरवातीच्या मिनिटांत तिथला आकडा कमी आणि उशिराचा येतो. इंजेक्शननंतर पहिल्या मिनिटाच्या आसपास धमनीतलं प्रमाण एकदम चढतं आणि उतरतं, ते पकडायला दर काही सेकंदांनी सॅम्पल. तर्क बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या तर्काला गेल्या चार-पाच दशकांत बरीच उत्तरं मिळाली आहेत, आणि ती तुमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी शोधलेली आहेत.

सगळ्यात जुनं उत्तर तर 1979 चं आहे. अमेरिकेत फेल्प्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसावर एफडीजीची पद्धत तपासली तेव्हाच गरम केलेल्या हाताच्या शिरेतलं रक्त वापरलं होतं. हात साधारण 44 अंशाला गरम ठेवला की हातातलं रक्त इतक्या वेगाने फिरतं की शिरेतलं रक्त धमनीच्या रक्ताच्या जवळ येतं. ह्याला गरम पेटी लागते आणि थोडा धीर लागतो, आणि सुरवातीचं शिखर तंतोतंत मिळत नाही हे मान्य. पण एफडीजीमध्ये साखर वापराचा दर काढताना मुख्य महत्त्व असतं ते रक्तातला ट्रेसर वेळेनुसार कसा बदलला त्या आलेखाखालच्या एकूण क्षेत्रफळाला, शिखराचं टोक थोडं बोथट झालं म्हणून शेवटचा आकडा कोसळत नाही. मला आलेलं उत्तर वाचताना हेच सारखं मनात येत होतं, की जी गोष्ट माझ्या शाळेच्या वयात छापून आली ती आज "पर्याय नाही" ह्यात कशी बसते?

दुसरं म्हणजे ठरलेल्या साच्याची पद्धत. बऱ्याच लोकांचे धमनीचे आलेख आधी जमवायचे, त्यांचा सरासरी आकार काढायचा, आणि नवीन माणसाच्या बाबतीत उशिरा घेतलेल्या एक-दोन सॅम्पलवरून तो साचा वरखाली करायचा. एफडीजीमध्ये काही वेळाने धमनी आणि शीर दोन्हीकडचं प्रमाण जवळजवळ सारखं होतं, म्हणून ते सॅम्पल शिरेतलं चालतं. एक साधी सुई. रोज सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये येणारा माणूस देतो तेवढं रक्त. अट एकच, इंजेक्शन द्यायची पद्धत आणि वेग साच्यातल्या लोकांसारखाच हवा, आणि साचा अशाच प्रकारच्या माणसांवरून बनवलेला हवा.

आणि तिसरं, ज्याबद्दल आज सगळ्यात जास्त बोललं जातं, ते म्हणजे खुद्द स्कॅनच्या चित्रातूनच रक्तातलं प्रमाण काढणं. मानेतून मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी चित्रात दिसतेच, तिच्यातला सिग्नल मोजायचा. अडचण अशी की आतली कॅरोटिड साधारण 5 मिलिमीटरची आणि नेहमीच्या पेट मशीनची नजरही 4 ते 6 मिलिमीटरचीच, त्यामुळे धमनीचा सिग्नल बाहेर पसरतो, शिखर खुजं दिसतं, आणि नंतर आजूबाजूच्या भागाचा सिग्नल धमनीत घुसतो. एमआरआयवरून धमनीची खरी जागा आणि जाडी घेऊन हे दुरुस्त करता येतं, सोबत एखाद-दोन शिरेची सॅम्पल घेतली तर आणखी भरवसा. काही ठिकाणी पहिली काही मिनिटं टेबल असं ठेवतात की मशीनसमोर छाती येईल, हृदयातल्या आणि महाधमनीतल्या रक्तातला ट्रेसर मोजतात आणि मग डोकं मशीनसमोर येईल असं टेबल सरकवतात. महाधमनी दोन-तीन सेंटिमीटर रुंद, तिथे धूसरपणाचा प्रश्नच फारसा उरत नाही. नेहमीच्या मशीनमध्ये एका वेळी शरीराचा 15 ते 25 सेंटिमीटरचा पट्टा दिसतो, पण कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिसच्या लोकांनी 2018 मध्ये एक्सप्लोरर मशीनवर पहिल्या माणसाची चित्रं दाखवली, तिचा पट्टा 194 सेंटिमीटर, म्हणजे अख्खा माणूस एकदम, मेंदू आणि महाधमनी एकाच वेळी. असं मशीन सगळ्यांना परवडणार नाही हे मला कळतं. टेबल सरकवायला मात्र नवीन मशीन लागत नाही.

एफडीजीबद्दल मी इतका आग्रह धरते ह्याचं कारण आहे. अनेक ट्रेसर रक्तात गेल्यावर शरीर त्यांचे तुकडे करतं, आणि चित्रात मूळ ट्रेसर कुठला आणि तुकडा कुठला हे ओळखता येत नाही, तिथे रक्त काढून तपासावंच लागतं. स्कॅनच्या वेळात एफडीजी रक्तात तसं तुटत नाही, आणि पूर्ण रक्त आणि प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा रक्तातला द्रव) ह्यांच्यातलं प्रमाणही बऱ्यापैकी स्थिर राहतं. म्हणजे नळीशिवाय काम भागवायचं असेल तर सगळ्यात सोपा ट्रेसर हाच. आणि माझ्या मनगटात नळी घातली ती नेमकी एफडीजीसाठी!

दुसऱ्या ट्रेसरमध्ये वेगळी सोय असते. डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन, ते पेशीवर ज्या जागी चिकटतं त्यातल्या डी-2 रिसेप्टरसाठी रॅक्लोप्राइड नावाचा ट्रेसर वापरतात, लहान मेंदूत (डोक्याच्या मागे खालच्या भागात) हे रिसेप्टर जवळजवळ नसतात, म्हणून लहान मेंदूच तुलनेचा भाग धरून हिशोब करता येतो. लॅमर्ट्समा आणि ह्यूम ह्यांनी ह्याची सोपी पद्धत 1996 मध्ये दिली. अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं अमायलॉइड हे प्रथिन मोजतानाही नेहमीच्या कामासाठी लहान मेंदूशीच तुलना करतात. आणि जिथे असा तुलनेचा भागच नाही, मेंदूतली सूज बघायचे टीएसपीओचे (सुजेत वाढणाऱ्या एका प्रथिनाचे) ट्रेसर घ्या, किंवा अगदी नवीन ट्रेसर जो पहिल्यांदाच माणसात जातोय, तिथे धमनीची नळी लागते. हे मी मोकळेपणाने मान्य करते. पर्यायी पद्धत बरोबर आहे की नाही हे तपासायलासुद्धा आधी कोणाच्या तरी धमनीतलं रक्त लागतंच. म्हणून मी "नळी बंद करा" असं म्हणतच नाहीये.

माझ्या तक्रारी आता स्पष्ट लिहिते.

पहिली फॉर्मबद्दल. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सहभागीला समजेल अशा भाषेत पूर्ण माहिती द्यायला सांगितलंय, धोका कमीत कमी ठेवायला सांगितलंय. धमनीत तासाभराची नळी ही "रक्ताचे नमुने" ह्या एका ओळीत लपवायची गोष्ट नाही. मी रक्त काढणारी बाई, मलाच फॉर्म वाचून अंदाज आला नाही, तर दुकान सांभाळणाऱ्या माणसाला किंवा घरच्या आजीला कसा यावा?

दुसरी ही, की का हे कोणी सांगत नाही. एफडीजीसाठी इतके मार्ग असताना तुम्ही धमनीच निवडली तर त्यामागे कारण असू शकतं, अचूकता हवी असेल, आधीच्या डेटाशी जुळवायचं असेल. मग ते लिहा ना. प्रोटोकॉल आधीच मंजूर आहे हे कारण होत नाही. इथे माझा रोख कमिटीच्या सदस्यांकडे जास्त आहे. तुमच्यात एक सामान्य नागरिक प्रतिनिधी असतो, तो ह्यासाठीच असतो की त्याने विचारावं, ही नळी कशाला?

तिसरी गोष्ट शास्त्राचीच आहे, आणि ह्याचं मला जास्त वाईट वाटतं. नळीमुळे कोण येत नाही ते बघा. भीती वाटणारे येत नाहीत, रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांना बहुतेक वेळा तुम्हीच वगळता, ज्यांच्या मनगटाची दुसरी धमनी कमजोर ते बाद, म्हातारी माणसं घरच्यांनी नको म्हटलं म्हणून गळतात. आणि अल्झायमरचा अभ्यास करायचाय तो म्हाताऱ्या माणसांचाच! उरतात ती धडधाकट, निडर माणसं, आणि त्यांच्यावरून सगळ्यांच्या मेंदूचा निष्कर्ष काढायचा. माझा भाऊ गेला नाही म्हणजे एकाच घरातल्या, एकाच आईच्या दोन मुलांची तुलना करायची संधी गेली. परत त्याच माणसाचा दोन वर्षांनी स्कॅन करायचा म्हटलं तर किती जण दुसऱ्यांदा हात पुढे करतील? बदल मोजायचा असेल तर तेच माणूस परत यायला हवं.

आणि नंतरची चौकशी. स्कॅन झाल्यावर मला हाताबद्दल विचारायला फोन आला नाही, मीच केला. ज्याने फोन घेतला तो मुलगा चांगलं बोलला, पण ह्या त्रासाची नोंद कुठे होते हे त्यालाही सांगता आलं नाही. नोंदच झाली नाही तर पुढच्या अर्जात "त्रास नगण्य" असंच लिहिलं जाणार.

मागण्या अशा आहेत.

ज्या अभ्यासात धमनीची नळी घालायची आहे तिथे ह्या ट्रेसरसाठी कुठले पर्याय आहेत आणि ते का चालणार नाहीत हे प्रोटोकॉलमध्ये एका पानात लिहा, कमिटीने ते पान वाचल्याशिवाय मंजुरी देऊ नये. कारण पटण्यासारखं नसेल तर नळी नको.

एफडीजीच्या अभ्यासात गरम हात, साचा किंवा चित्रातून मोजणी ह्यातलं काहीतरी हा नियम असावा आणि धमनी हा अपवाद.

नळी लागणारच असेल तर फॉर्ममध्ये साध्या मराठीत, हिंदीत, गुजरातीत, जिथले लोक असतील त्या भाषेत लिहा की मनगटाच्या धमनीत नळी बसेल, इतका वेळ राहील, दुखेल, काळंनिळं होऊ शकतं, क्वचित धमनी तात्पुरती बंद होऊ शकते, आणि स्कॅनच्या दिवशीसुद्धा नळीला नकार देता येईल. बधिर करायचं इंजेक्शन न मागता द्या. ज्याचा हात बसलेला आहे अशाच माणसाने, जमेल तिथे अल्ट्रासाउंडवर बघून नळी घालावी. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने फोन करा, जे सांगतील ते लिहून ठेवा आणि तुमच्या शोधनिबंधात छापा.

शेवटची मागणी माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. ज्यांनी धमनीतून रक्त दिलंय त्यांचे आलेख, नावं काढून टाकून, देशातल्या दुसऱ्या संस्थांसाठी खुले करा. आपल्याकडच्या माणसांवरून, आपल्याकडच्या इंजेक्शनच्या पद्धतीवरून साचा बनवायचा तर हेच आलेख लागणार आहेत, आणि आज ते एकेका संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये पडून आहेत. संगणकाला शिकवून चित्रातूनच आलेख ओळखायचे प्रयोग चालू आहेत, त्यालाही पडताळायला खरं रक्तच हवं. माझ्या नळीतून आलेला प्रत्येक आकडा ह्या कामासाठी वापरायला माझी परवानगी आहे, हे पत्रच ती लेखी परवानगी समजा. आणि उद्या कोणी असा अभ्यास काढला की एकाच स्कॅनमध्ये धमनी, गरम हात आणि चित्र तिन्ही एकत्र मोजायचं, म्हणजे पुढच्यांना नळी लागू नये, तर त्यासाठी मी उजवा हात द्यायला तयार आहे. भावाशीही बोलले, तो म्हणाला, शिरेतून घेणार असतील तर माझंही नाव परत लिहायला सांग.

ज्या संस्थेने मला दोन ओळींचं उत्तर पाठवलं त्यांच्याकडे माझा मेल आणि फोन नंबर आहे. उत्तराची वाट बघते.

आपली,
एक सहभागी,
रामबाग, इंदूर